वालीचं आडनाव : चित्रांविषयी लिहिणाऱ्यांना एक खुलं पत्र

मराठीत चित्रांविषयी लिहिणाऱ्या, व्याख्यानं देणाऱ्या, प्रदर्शनांचे कॅटलॉग काढणाऱ्या आणि कलामहाविद्यालयांतून शिकवणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच. एकतीस वर्षं पोर्ट्रेटचा वर्ग घेतला, आता निवृत्त आहे. दिवाळी अंकांत अधूनमधून लिहिलंही आहे, त्यामुळे पुढे जी तक्रार करणार आहे तिच्यात मी फिर्यादी कमी आणि आरोपी जास्त. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर तुमच्यापैकी कुणीतरी माझा जुना लेख काढून समोर धरेल.

आमच्या वर्गात हेडस्टडीसाठी, म्हणजे नुसत्या चेहऱ्या-मानेच्या अभ्यासचित्रासाठी, बसायला एक मावशी यायच्या. पंचेचाळिशीच्या असतील. खुर्चीवर बसल्या की पायांभोवती खडूनं खूण करायची, म्हणजे सुटीनंतर परत त्याच जागी पाय येतात. पाऊण तास पोझ, दहा मिनिटं सुटी, असे तीन तास. एकदा सुटीत त्या चहाचा ग्लास घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. टेबलावर एगॉन शीले या ऑस्ट्रियन चित्रकारावरचं एक जाडजूड पुस्तक उघडं पडलेलं होतं आणि पानावर त्याचं १९१२ सालचं 'वालीचं पोर्ट्रेट'. पांढरी पार्श्वभूमी, काळा पोशाख, पांढरी नक्षीदार कॉलर, तांबूस केस, निळे मोठे डोळे आणि जराशी कललेली मान. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मान अशी फार वेळ नाही राहत, सर. मागं टेकायला काहीतरी दिलं असणार. नाहीतर पोरगी त्याच्याशी बोलत असणार. बोलताना मान होते अशी."

त्या चित्राबद्दल मी तोवर निदान दहा समीक्षकांचं वाचलं होतं. मानेबद्दल इतकं कामाचं कुणी काही बोललेलं आठवत नव्हतं.

"नाव काय हिचं?" त्यांनी विचारलं.

"वाली."

"आडनाव?"

"शीले," मी म्हणालो.

"ते त्याचं झालं. हिचं?"

डाँकीवर, म्हणजे चित्र काढायच्या बाकावर, बसलेली दोन-तीन पोरं हसली. मीही हसलो, कारण मला येत नव्हतं. चित्राचं माध्यम, साल, चित्रकाराची जन्मतारीख, त्याच्या आईचं गाव, सगळं पाठ होतं. संध्याकाळी मावशींच्या पैशांचं व्हाउचर सहीला आलं. त्यावर नेहमीसारखंच लिहिलं होतं : 'मॉडेल (स्त्री) – १. तास ३.' मी सही केली. त्याआधी अशा किती व्हाउचरांवर केली असेन, मोजलेलं नाही.

तिचं आडनाव नॉयत्सिल. वालबुर्गा नॉयत्सिल. जन्म १९ ऑगस्ट १८९४, लोअर ऑस्ट्रियातलं टाटेनडॉर्फ हे गाव. वडील शाळामास्तर. ते गेल्यावर आई मुलींना घेऊन व्हिएन्नाला आली. शीलेची आणि तिची गाठ पडली १९११ मध्ये. तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती आणि तो एकवीसच्या आत-बाहेर. म्हणजे आपण ज्या चित्रातल्या 'गूढ स्त्रीत्वा'बद्दल पानंच्या पानं लिहितो, त्यातली स्त्री आपल्याकडच्या बारावीतल्या पोरीएवढी आहे. आणि चित्रकार म्हणजे डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातला पोरगा. हे एकदा डोक्यात बसलं की पुष्कळशी विशेषणं आपोआप गळतात.

तिच्याबद्दल आपण काय लिहितो? 'शीलेची प्रेयसी व प्रेरणा.' प्रेयसी होती, नाकारत नाही. 'प्रेरणा' या शब्दाला मात्र माझा आक्षेप आहे. प्रेरणेला भूक लागत नाही, मान अवघडत नाही, तिला मजुरी द्यावी लागत नाही. आणखी एक वाक्य आपल्या लेखांतून सर्रास फिरतं : वाली आधी व्हिएन्नातल्या नामवंत चित्रकार गुस्टाव क्लिम्टची मॉडेल होती आणि क्लिम्टनं ती शीलेला 'दिली'. याला ठोस पुरावा नाही. तरी जुना ईझल, चित्राची घोडी, एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत जावा तशी आपण ती मुलगी बिनदिक्कत हलवतो. मीही एका लेखात हलवली होती.

आता तिनं काय काय केलं ते बघा. १९११ मध्ये दोघं क्रुमाऊला राहायला गेले, शीलेच्या आईच्या गावी. लग्नाविना एकत्र राहणं आणि बागेत नग्न मॉडेल बसवणं गावाला झेपलं नाही, तेव्हा तिथून निघावं लागलं. मग व्हिएन्नाजवळचं नॉयलेंगबाख. तिथं घरातून पळून आलेली एक अल्पवयीन मुलगी यांच्या दारात आली आणि प्रकरण पोलिसांत गेलं. एप्रिल १९१२ मध्ये शीलेला अटक झाली. पळवून नेल्याचा आणि त्याहून गंभीर आरोप टिकले नाहीत, पण कामुक चित्रं मुलांच्या नजरेला पडू दिल्याबद्दल शिक्षा झाली. एकूण २४ दिवस तो कोठडीत होता. न्यायाधीशानं त्याचं एक चित्र भर कोर्टात मेणबत्तीवर धरून जाळलं. ही जळत्या चित्राची गोष्ट आपण सगळेच रंगवून सांगतो. लहान मुलांना मॉडेल म्हणून बसवण्याबद्दल त्याला अवघड प्रश्न विचारायला हवेत, तिथं मात्र आपण त्याच ज्वाळेच्या उजेडात त्याला हुतात्मा करून मोकळे होतो. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

त्या २४ दिवसांत बाहेर कोण होतं? वाली. तिनं त्याला चित्राचं सामान पोचवलं आणि एक संत्रं दिलं. कोठडीत त्यानं १९ एप्रिलला एक जलरंग केला : खाट, वर घोंगडी, बंद दार आणि घोंगडीवर ते संत्रं. सगळा कागद मातकट, करडा, आणि मधोमध तेवढा एक नारिंगी ठिपका. त्यावर त्यानं लिहून ठेवलं की ते एक संत्रं हाच काय तो उजेड होता. ते चित्र मी वर्गात दरवर्षी 'कॉम्प्लिमेंटरी रंगाचा संयमी वापर' म्हणून दाखवत आलो. संत्रं आणलं कुणी, हे मुलांना कधी सांगितलं नाही.

'वालीचं पोर्ट्रेट' त्याच वर्षातलं. लाकडी फळीवर तैलरंग, साधारण ३३ सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद. पुस्तकात पान भरून छापलेलं असतं म्हणून आपल्याला मोठं वाटतं. लेक युरोपात नोकरीला आहे म्हणून मला व्हिएन्नाला जाता आलं, तेव्हा लिओपोल्ड म्युझियममध्ये ते पहिल्यांदा समोर पाहिलं. आपल्याकडे भिंतीवर लावतात त्या कॅलेंडरच्या पानाहून फार मोठं नाही. त्याची जोडी आहे तेवढ्याच आकाराचं स्वतः शीलेचं पोर्ट्रेट, त्याच वर्षी केलेलं. त्याच्यामागे चिनी कंदिलाच्या झाडाची लाल फळं आहेत. आपल्या रसभरीची ही लांबची बहीण. त्याच्या चित्रात तो मान वळवून, खांदा उचलून, नजर खाली टाकून आपल्याला जोखतो. मी कसा दिसतोय, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावरून हटत नाही. वाली सरळ बघते. हिला आरशाची गरज पडलेली दिसत नाही.

इथं तुमच्यातले जाणकार मला अडवणार, माहीत आहे. एक्सप्रेशनिझममध्ये मॉडेल हे निमित्त असतं, चित्रकार स्वतःचंच अंतरंग रंगवतो, मग समोर वाली असली काय आणि आणखी कुणी असली काय, असं तुम्ही म्हणाल. मीही एकतीस वर्षं हेच शिकवलं. आज वाटतं, ही आपली सोय आहे. शीलेला मनातलंच काढायचं होतं तर त्यानं भिंतीकडे बघून काढलं असतं. तो समोर मॉडेल बसवून रेषा काढायचा, झपाट्यानं, खोडरबर न वापरता. रंग मागाहून, मॉडेल गेल्यावर भरायचा. तेव्हा रंग त्याच्या मनातले आहेत, हे मला मान्य. पण ती रेषा कुणाच्या तरी गालाच्या हाडावरून गेली आहे. ज्यांनी चारकोल हातात धरलाय त्यांना ठाऊक आहे की मॉडेल चांगलं बसलं की वर्गाची अर्धी चित्रं सुधारतात. पोझ सुटली, चेहरा पडला, की कितीही अंतरंग असलं तरी कागदावर गोळाच उतरतो. हे आपण स्टाफरूममध्ये रोज बोलतो. लेखात लिहीत नाही, एवढंच.

तिचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण आपल्या लेखांत ती १९१५ मध्ये बाद होते. त्या वर्षी फेब्रुवारीत शीलेनं एका मित्राला कळवलं की लग्न करायचं योजतोय, फायद्याचं, बहुधा वालीशी नाही. १७ जूनला त्यानं समोरच्या घरातल्या एडिथ हार्म्सशी लग्न केलं. मुलगी बरी, घर प्रतिष्ठित. वालीला त्यानं एका कॅफेत बसून तोडगा सुचवला : दरवर्षी उन्हाळ्यात एक सुटी आपण दोघं मिळून घेऊ, बायकोविना. ती नाही म्हणाली आणि निघून गेली. त्याच सुमाराचं ते मोठं चित्र आता व्हिएन्नाच्या बेल्वेडेअर संग्रहालयात आहे. 'मृत्यू आणि तरुणी' या नावानं ओळखलं जातं. त्यातली लाल केसांची बाई त्याला बिलगलेली आहे, पण तिच्या हातांची पकड बघा. बोटं एकमेकांत जेमतेम अडकली आहेत. एक जरी सुटलं तरी सगळं सुटेल. ती मिठी रंगवणारा माणूस कॅफेतून एकटा उठून आला होता.

वाली नर्स झाली. महायुद्ध चालू होतं. आधी व्हिएन्नाच्या लष्करी इस्पितळात, मग १९१७ मध्ये डाल्मेशियात, आजच्या क्रोएशियात. तिथं सिन्य या गावी, नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १९१७ ला ती स्कार्लेट फीव्हरनं गेली. वय २३. पुढच्याच ऑक्टोबरात स्पॅनिश फ्लूनं आधी गरोदर एडिथ आणि तीन दिवसांनी शीले गेला. शीलेच्या मृत्यूवर आपण अजून हळहळतो, अठ्ठावीसाव्या वर्षी केवढा कलावंत गेला म्हणून. हळहळायलाच हवं. पण ती बाई आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता गेली, हे निदान एका वाक्यात यायला हरकत नाही.

आता चित्राचं. याची गोष्ट माहीत असलेले तुमच्यात बरेच असतील, तरी मला जी गंमत दिसते ती वेगळी आहे म्हणून थोडक्यात सांगतो. हे चित्र लेआ बोंडी या व्हिएन्नातल्या ज्यू गॅलरीवालीचं होतं. गॅलरीचं नव्हे, तिचं स्वतःचं, घरच्या भिंतीवरचं. १९३८ मध्ये नाझी आले आणि गॅलरी फ्रीडरिश वेल्ट्स नावाच्या दलालाच्या घशात गेली. बोंडी नवरा-बायको देश सोडण्याच्या तयारीत असताना हा घरी आला, भिंतीवर वाली दिसली, म्हणाला, हेही द्या. ती तयार नव्हती. नवऱ्यानं समजावलं, आपल्याला निघायचंय, हा माणूस काय करेल सांगता येत नाही. चित्र गेलं. युद्धानंतर ते भलत्याच संग्रहाच्या गठ्ठ्यात मिसळलं. तो संग्रह हाइनरिश रीगर या ज्यू दंतवैद्याचा. दात दुरुस्त करायचा आणि चित्रकारांकडून फीच्या बदल्यात चित्रं घ्यायचा, असा रसिक. त्याचा अंत नाझींच्या छावणीत झाला. त्या गठ्ठ्यातून वाली सरकारी संग्रहालयात पोचली. १९५३ मध्ये लंडनला लेआ बोंडीनं रुडॉल्फ लिओपोल्ड या संग्राहकाला (लिओपोल्ड म्युझियम पुढे याच्याच संग्रहातून उभं राहिलं) सांगितलं की माझं चित्र तिथं आहे, मिळवायला मदत करा. १९५४ मध्ये लिओपोल्डनं दुसरं एक शीले देऊन ते चित्र मिळवलं. स्वतःसाठी. ती १९६९ मध्ये गेली, चित्र परत न मिळता.

१९९७ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शीलेचं प्रदर्शन भरलं आणि वाली अमेरिकेत आली. जानेवारी १९९८ मध्ये प्रदर्शन संपताच तिथल्या सरकारी वकिलानं चित्र अडकवलं. खटला बारा वर्षं चालला. जून २०१० मध्ये रुडॉल्फ लिओपोल्ड वारले, जुलैत तडजोड झाली : बोंडीच्या वारसांना १ कोटी ९० लाख डॉलर, चित्र व्हिएन्नाला परत. आणि अट अशी की चित्राशेजारी खरी हकीकत सांगणारी पाटी कायम राहील. पैसे उभे करायला म्युझियमनं २०११ मध्ये शीलेचंच एक निसर्गचित्र लिलावात काढलं. घरं आणि दोरीवर वाळत घातलेले रंगीबेरंगी कपडे. ते सुमारे २ कोटी ४७ लाख पौंडांना गेलं. दोरीवरच्या कपड्यांनी वालीला सोडवलं, असं लेकीला म्हणालो तर ती म्हणाली, बाबा, तुम्ही यावर लेख लिहू नका. नाही लिहिला. पत्र लिहितोय.

त्या पाटीसमोर मी उभा राहिलो तेव्हा मावशींचा प्रश्न आठवला. चित्र कुणाचं, हे सांगायला अमेरिकेतली कोर्टं, वकिलांच्या फौजा, बारा वर्षं आणि कोट्यवधी डॉलर लागले. चित्रात कोण, हे सांगायला एक ओळ पुरते. आणि व्हिएन्नावाल्यांनी तेही केलं : २०१५ मध्ये त्याच म्युझियमनं वाली नॉयत्सिलच्या आयुष्यावर वेगळं प्रदर्शन भरवलं. शंभर वर्षं उशिरा, पण भरवलं. तेव्हा तिची माहितीच मिळत नाही, ही सबब आता चालायची नाही.

आपल्या घरचं एक उदाहरण घ्या. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र तुम्हाला माहीतच आहे. ज्योतीपुढे आडवा धरलेला तळवा आणि बोटांच्या कडांतून झिरपणारा उजेड. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, जलरंगातलं. निम्मे लोक अजून ते रविवर्म्याच्या नावावर खपवतात. आपण त्यावर चिडतो, आणि चिडायलाच हवं. पण तो दिवा धरून उभी होती ती हळदणकरांची मुलगी गीता, हे आपल्यापैकी किती जण कॅप्शनमध्ये लिहितात? चित्रकाराचं नाव चुकलं तर आपण संपादकाला पत्र पाठवतो. मॉडेलचं नाव गाळलं तर ती चूक आहे, हेच लक्षात येत नाही.

तर माझं मागणं काय? लेखात चित्राखाली जिथं माध्यम आणि आकार लिहिता तिथं, माहीत असेल तर, बसलेल्या व्यक्तीचं पूर्ण नाव लिहा. 'वाली' नव्हे, वालबुर्गा नॉयत्सिल. लाडाचं नाव घरच्यांनी घ्यायचं असतं. तिनं त्या चित्रासाठी केलं त्याला काम म्हणा. आणि जे कलामहाविद्यालयांत आहेत त्यांनी व्हाउचरावर 'मॉडेल – १' लिहिणं थांबवा. खुर्च्या आल्या तर आपण 'नग' लिहितो. हाच हिशोब माणसाला लावायचा का?

यातली अडचणही मला माहीत आहे, ती लपवत नाही. आपल्याकडे मॉडेल म्हणून बसणाऱ्या कितीतरी बायका घरी सांगतात की ऑफिसात साफसफाईचं काम आहे. प्रदर्शनात नाव लागलं आणि चाळीतल्या कुणी वाचलं तर त्यांचं जगणं मुश्किल होईल. काही वर्षांपूर्वी उत्साहाच्या भरात मी एका विद्यार्थ्याला सांगितलं की कॅटलॉगमध्ये मॉडेलचं नाव टाक. त्यानं टाकलंही. छापायच्या आदल्या दिवशी त्या बाई रडत आल्या, मग छपाईचा फर्मा बदलावा लागला. तेव्हा आधी विचारा. नको म्हणाल्या तर नको. पण विचारल्याशिवाय गाळणं आणि विचारून गाळणं यांत फरक आहे, आणि समोर बसलेल्या माणसाला तो कळतो.

व्हिएन्नाहून आल्यावर मी मावशींना फोन केला. आता गुडघ्यांमुळे बसणं बंद आहे. त्या चित्रातल्या मुलीचं आडनाव सापडलं, म्हणून सांगितलं. त्यांना आधी आठवेचना. मग म्हणाल्या, "ती मान वाकडी केलेली? काय आडनाव?" नॉयत्सिल त्यांना काही उच्चारता आलं नाही. आणि पुढे, "माझं ठाऊक आहे का तुम्हाला?"

ठाऊक नव्हतं. विचारलं, त्यांनी सांगितलं. या पत्रात लिहू का, म्हणालो. म्हणाल्या, नको, सुनेकडची माणसं वाचतात मोबाइलवर.

त्यांचं मी केलेलं एक तैलरंगातलं हेडस्टडी घरी आहे, दिवाणखान्यात. त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं नाव आणि आडनाव लिहून ठेवलंय.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक